१९७३ ची एमजीबी रोडस्टर: खालचा पत्रा सडलाय, नवख्याने घरच्या गॅरेजात सुरुवात कुठून करावी?

कॉव्हेंट्रीचा_नवखा

नमस्कार मंडळी. १९७३ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे बिनछपराची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, घेतली आहे. क्रोम बंपरची, इंग्लंडातलीच, उजव्या हाताला स्टिअरिंग. अकरा वर्षं एका बंद शेडमध्ये उभी होती. माझं गॅरेज साडेपाच मीटर लांब आणि पावणेतीन मीटर रुंद आहे, फरशी सिमेंटची, वीज आहे, हीटर नाही.

आत्तापर्यंत दिसलेलं असं: दोन्ही दारांखालच्या सिल फुगल्यात. पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकात स्क्रू-ड्रायव्हर आरपार जातो. चालकाच्या पायाखाली मॅटखालून जमीन दिसते. मागच्या मडगार्डचा दारामागचा कोपरा टोकरला की खपल्या पडतात. ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट आहे आणि मागची चाकं मोकळी फिरत नाहीत. इंजिन फिरवून पाहिलेलं नाही.

वेल्डिंग कधी केलेलं नाही. पाने सगळे मिलिमीटरचे आहेत. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सगळी गाडी खोलून मोकळी बॉडी करून मग काम करायचं का? सिल घरी बदलता येतात का, की ते काम बाहेर द्यावं? आणि इंजिन आधी की पत्रा आधी?

---

पत्र्याचा_नाद

आधी एवढं करा: काहीही खोलू नका. नवख्यांच्या बहुतेक गाड्या इथेच अडकतात. दोन शनिवार-रविवारात सगळं खोलून होतं, डबे भरतात, आणि दार कुठे बसत होतं हे सांगायला गाडीवर दारच उरत नाही.

ह्या गाडीला वेगळी चासी नाही. मजला, मधला बोगदा (दोन सीटमधला लांब उंचवटा) आणि दोन सिल मिळून गाडी उभी आहे. रोडस्टरला छप्पर नाही, म्हणून सिलवर जीटीपेक्षाही (हीच गाडी, पण पक्क्या छपराची) जास्त भार. सिल सडली की गाडी मधोमध खचते आणि दाराच्या पुढचा-मागचा खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात. हे सगळ्यात आधी दिसतं ते दाराच्या फटीत. त्यामुळे दार हीच तुमची मोजपट्टी. ते शेवटपर्यंत जागेवर हवं, निदान हवं तेव्हा टांगता यायला हवं.

गाडी चाकांवर, सपाट जागी उभी करा. दारं लावा. प्रत्येक दाराच्या पुढच्या आणि मागच्या कडेची फट वर, मध्ये आणि खाली मोजा, म्हणजे एका दाराची सहा मापं. ड्रिलचे बिट घ्या: ४ मिमीचा आत जातो, ५ चा अडतो, तर फट साडेचार धरा. ज्या जागी मोजलं तिथेच मास्किंग टेप लावून आकडा लिहा आणि फोटो काढा. साधारण ४ ते ५ मिमीची एकसारखी फट चांगली. वर कमी आणि खाली जास्त असेल तर बॉडी खचली आहे.

आता सिलची रचना, कारण नवखा इथेच फसतो. बाहेरून दिसते ती फक्त बाहेरची सिल. तिच्या आत उभा पडदा आहे, त्याला मेंब्रेन म्हणतात. त्याच्या पलीकडे केबिनच्या बाजूला आतली सिल, आणि ह्या सगळ्यांच्या खाली, मजल्याच्या कडेला, कॅसल रेल. हे चार भाग मिळून पेटी होते आणि पेटी आहे म्हणूनच ताकद आहे. पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत चिखल साचतो, तिथल्या आडव्या पत्र्याचं रबर कुजतं, ओला आणि मिठाचा चिखल सिलच्या तोंडाशी बसतो. सिल आतून सडते. बाहेरची पाटी फुगली ह्याचा अर्थ मेंब्रेन बहुधा आधीच गेलेला असतो. म्हणून फुगलेल्या सिलवर नुसती नवी पाटी चढवणं किंवा अर्धी सिल लावणं म्हणजे कुजलेल्या वाशाला रंग देणं. तुमच्या गाडीला आधीच कोणी असं केलंय का ते पाहा: सिलच्या खालच्या कडेला पत्र्याचे थर मोजा. एकावर एक चढवलेल्या दोन पाट्या दिसल्या तर केलंय. मऊ कापडात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक सिलवरून आणि मडगार्डवरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

आता काम, आणि ते एका वेळी एकाच बाजूचं. दोन्ही सिल एकदम कापायच्या नाहीत, कितीही आधार दिलेला असला तरी.

आधार असा द्या: पुढे क्रॉसमेंबरखाली (पुढच्या चाकांमधला जाड आडवा भाग) दोन घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे स्टँड, मागे ॲक्सलखाली दोन घोड्या. म्हणजे सस्पेन्शनवर वजन राहतं आणि बॉडी चाकांवर असल्यासारखीच बसते. सिलखालच्या जॅकच्या जागा विसरा, त्यांच्यात जीव नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स आत्ता काढायची गरज नाही. घोड्यांवर ठेवल्यावर सहाही मापं पुन्हा घ्या. आकडे जुळत नसतील तर पातळ लाकडी फळ्या सरकवून जुळवा. मगच पुढे.

मग आडणी, म्हणजे बॉडीचा आकार धरून ठेवणारे पाइप. २५ मिमीचा चौकोनी पाइप, भिंत किमान २ मिमी. प्रत्येक दारात पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत दोन पाइप: एक वर, एक त्याला तिरपा. शिवाय एका मागच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत आडवा एक. पाइप दाराच्या आतल्या अंगाला बसवा, सीटबेल्टच्या बोल्टांना आणि खांबांच्या आतल्या पत्र्याला धरून. आडणी दाराच्या वाटेत आली तर दार लावून फट बघता येत नाही, आणि मग ती आडणी निम्मीच उपयोगाची. वरच्या पाइपला मध्ये दोन्हीकडे आटे असलेला टर्नबकल ठेवा. खचलेली बॉडी मिलिमीटर-मिलिमीटरने उघडायला तो लागतो.

पुढचं मडगार्ड बोल्टांवर असतं, ते काढायचं. बोल्ट गंजलेले असतील, तर आधी तीन-चार दिवस रोज पेनिट्रेटिंग ऑइल मारा. बाहेरची सिल त्या मडगार्डच्या मागे आणि मागच्या मडगार्डच्या कोपऱ्याच्या आत शिरते. मागचं मडगार्ड वेल्ड केलेलं असतं, त्यामुळे दारामागचा तो कुत्र्याच्या पायासारखा कोपरा कापावाच लागतो. तुमचा तो सडलेलाच आहे, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा तसाही लागणार.

बाहेरची सिल कापा. आत काय उरलंय ते दिसेल. मग कॅसल रेल, आतल्या सिलचे सडलेले भाग, जॅकच्या जागेची मजबुती, पुढच्या खांबाचा खालचा भाग, मग मेंब्रेन. प्रत्येक टप्प्यानंतर दार टांगा आणि मापं घ्या. सगळ्यात शेवटी बाहेरची सिल: आधी नुसती क्लॅम्पने धरा, दार लावा, पुढचं मडगार्ड दोन-तीन बोल्टांवर अडकवा, फट बघा, दार उघडा, पुन्हा लावा. समाधान झालं तरच वेल्ड.

एका बाजूचं सामान: पूर्ण बाहेरची सिल, मेंब्रेन, कॅसल रेल, जॅकच्या जागेचा तुकडा, मजल्याचा अर्धा भाग, पुढच्या मडगार्डचा खालचा तुकडा, मागच्या मडगार्डचा कोपरा. इंग्लंडातल्या विटनीची ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळ साच्यांवरून एमजीबीचे पत्रे काढते. स्वस्त नकली पत्र्यांपेक्षा ते चांगले बसतात. जो पैसा वाचतो असं वाटतं तो नंतर कानशीने आणि हातोडीने फेडावा लागतो.

सिल घरी होतात. हे मोठ्या कारागिरीपेक्षा मोजमापाचं आणि संयमाचं काम आहे. फक्त मागच्या पाट्या-स्प्रिंग जिथे बॉडीला टेकतात ते भाग, आतली मडगार्डं आणि दोन्ही मजले हे सगळंच एकदम गेलं असेल, तर थांबून हिशेब करा. तयार नवी बॉडी किंवा दुसरी सुकी गाडी घेणं त्या वेळी शहाणपणाचं ठरतं.

---

मिग_आणि_मी

वरच्या उत्तरात वेल्डिंगचा भाग सुटला, तो लिहितो.

१३० ते १५० ॲम्पिअरचं गॅसवालं मिग, म्हणजे सलग वायर सोडणारं वेल्डिंग मशिन, घ्या. बिनगॅसची वायर पातळ पत्र्यावर फार शिंतोडे उडवते आणि भोकं पाडते. वायर ०.६ मिमी. गॅस आरगॉन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. प्रवाह मिनिटाला ८ लिटरच्या आसपास. गॅरेजचं दार उघडं असेल आणि झुळूक येत असेल तर गॅस उडून जातो आणि वेल्ड मधमाशांच्या पोळ्यासारखं छिद्रांचं होतं. नवखे मशिनला दोष देतात, दोष वाऱ्याचा असतो.

गाडीला हात लावायच्या आधी दोन दिवस फक्त तुकड्यांवर सराव करा. बाहेरचे पत्रे ०.९ मिमीच्या आसपास, सिलचे भाग त्याहून जाड, १.२ पर्यंत. दोन्ही जाडीचे नवे तुकडे घ्या. नीट जमलेल्या वेल्डचा आवाज भजी तळताना येतो तसा सलग तडतडीचा असतो. फट्-फट् असा तुटक आवाज आला तर वायरचा वेग करंटच्या मानाने जास्त आहे.

मूळ कारखान्यात हे पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले होते. घरी त्या जागी प्लग वेल्ड करायचा: वरच्या पत्र्याला ८ मिमीचं भोक, खालचा पत्रा उघडा आणि चकचकीत, दोन्ही क्लॅम्पने घट्ट आवळलेले. टॉर्च भोकाच्या मध्यावर धरून आधी खालचा पत्रा वितळवा, मग गोल फिरवत भोक भरा. भोकाच्या कडेपासून सुरुवात केली तर वर छान टिकली दिसते आणि खाली काहीच चिकटलेलं नसतं. कसोटी सोपी आहे. सरावाचे दोन तुकडे एकाच प्लगने जोडा, एक व्हाइसमध्ये धरा आणि दुसरा पकडीने पिळून उपटा. खालच्या पत्र्यातून टिकलीएवढा गोळा फाटून बाहेर आला आणि मागे भोक राहिलं, तर वेल्ड खरा. टिकली सुबक सुटून आली आणि खालचा पत्रा गुळगुळीत राहिला, तर तो वेल्ड खोटा. सलग दहा खरे जमेपर्यंत सिलला हात लावू नका. प्लगमधलं अंतर मूळच्या स्पॉटइतकं ठेवा. जुनी कड सोडवताना ते ठसे दिसतातच, त्यांची नोंद करून ठेवा.

कडेला कड जोडताना साधारण १ मिमीची फट ठेवून टाके मारा. एक टाका इथे, पुढचा १० सेंटिमीटरवर, मग मधला. हात लावण्याइतकं गार होऊ द्या. सलग ओढलेल्या वेल्डने मडगार्डचा पत्रा पापडासारखा वाकतो आणि मग लांबीचे थर चढतात. भोक पडलं तर त्याच्या मागे तांब्याची पट्टी धरून भरा. पण भोकं पडतच राहिली तर तुम्ही गंजलेल्या पातळ पत्र्याला वेल्ड करताय. आणखी दोन बोटं मागे जा, चकाकणाऱ्या, जाड पत्र्यापर्यंत कापा.

जे पृष्ठभाग जोडल्यावर आत झाकले जाणार त्यांवर वेल्ड होऊ शकणारा झिंक प्रायमर मारा आणि प्लगच्या भोकाखालचा तेवढा गोल पुसून काढा. झिंकचा धूर छातीत घ्यायचा नाही. वेल्डिंगच्या धुराला चालणारा मास्क वापरा, हवा खेळती ठेवा.

आग. पेट्रोलची टाकी वेल्डिंगच्या आधी गाडीतून काढून गॅरेजबाहेर न्या. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची, तिच्यात वाफ असते. पेट्रोलची नळी आणि बॅटरीची जाड केबल ह्या गाडीत मजल्याखालून बोगद्याजवळून पुढे जातात, तुमच्या कामाच्या जागेपासून हातभर अंतरावर. नळी काढा, केबल सोडून बाजूला बांधा. बॅटरी सोडा, आल्टरनेटरच्या तारा काढा. गालिचे, सीट, मजल्यावरचे डांबरी पॅड सगळं बाहेर. खालचं डांबरी अंडरसील वेल्डच्या दोन्ही बाजूंनी वीतभर खरवडा. आतल्या बाजूला ते धुमसत राहतं आणि तुम्ही जेवायला गेल्यावर पेटतं. काम थांबवल्यावर अर्धा तास गॅरेजातच थांबायचं. अग्निशामक आणि पाण्याची बाटली हाताशी.

---

तेलपाणी

पत्रा आधी की इंजिन आधी, ह्यावर: इंजिन जिवंत आहे का एवढं आधी बघून घ्या. एका दिवसाचं काम आहे आणि खर्चाचा अंदाज त्यावरून येतो. दुरुस्ती मात्र नंतर.

चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पेनिट्रेटिंग ऑइल घाला आणि तीन दिवस राहू द्या. रॉकरचं झाकण उघडा, सगळे व्हॉल्व्ह सारख्या उंचीवर परतताहेत का पाहा. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हाताने पुढे-मागे झुलवा. तुमची मागची चाकं धरलेली आहेत, म्हणून आधी ब्रेकचे ॲडजस्टर सैल करावे लागतील. इंजिन फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. स्टार्टरने जोर लावायचा नाही.

फिरलं की जुनं तेल आणि फिल्टर टाकून द्या. नवं २०डब्ल्यू-५० घ्या, चार लिटरच्या थोडं वर लागतं. कॉइलची तार काढून, प्लग न लावता स्टार्टर मारा, डॅशवरच्या काट्यावर तेलाचं प्रेशर दिसेपर्यंत. दहा-दहा सेकंदांचे दोन-तीन प्रयत्न करूनही काटा हलला नाही तर पंप कोरडा आहे. ऑइल कूलरकडे जाणारा पाइप ब्लॉकपाशी सोडून त्यातून तेल ओता. मग प्लग: एनजीके बीपी६ईएस, फट ०.६३ मिमी. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी. व्हॉल्व्हची फट गार इंजिनावर ०.३८ मिमी. फायरिंगचा क्रम १-३-४-२.

पेट्रोलची टाकी स्वच्छ करण्यात वेळ घालवू नका. ती डिकीच्या खाली लटकते, तिच्या माथ्यावर ओला चिखल बसतो आणि ती वरून सडते. नवी घ्या. रबरी नळ्या सगळ्या बदला. २०२१ च्या सप्टेंबरपासून इकडे साधं पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं आहे आणि जुनं रबर त्यात मऊ पडून तुकडे सोडतं. नवी नळी इथेनॉलला टिकणारी, आर९ छापाची बघून घ्या. एसयू कंपनीच्या दोन्ही कार्ब्युरेटरांत पिस्टन बोटाने उचलून सोडा. खाली टेकताना टक् असा स्वच्छ आवाज यायला हवा. अडखळला तर चेंबर काढून आतून पुसा, पॉलिश पेपर लावू नका. पेट्रोलचा विजेचा पंप मागे उजव्या बॅटरीजवळ आहे. टिकटिक करत नसेल तर बहुधा पंपातले पॉइंट चिकटलेत.

ब्रेकमध्ये काटकसर नको. १९७३ च्या इंग्लंडातल्या गाडीचं ब्रेक सर्किट एकच आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. तिन्ही रबरी होज, मागचे दोन्ही सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि सगळ्या धातूच्या नळ्या बदला. ३/१६ इंची तांबे-निकेलची नळी घ्या. ती हाताने वाकते आणि गंजत नाही. पुढच्या कॅलिपरमधले पिस्टन बघा, क्रोमवर खड्डे असतील तर नवे. कॅलिपरचे दोन अर्धे भाग एकमेकांपासून सोडवू नका. बाहेरून चांगला दिसणारा जुना होज आतून फुगलेला असतो. पेडल दाबल्यावर तेल जातं पण परत येत नाही आणि चाक धरून राहतं. तुमच्या मागच्या चाकांचं कारण हे असू शकतं, किंवा सिलिंडर आत गंजून अडकलेत.

पाने: मिलिमीटरचे बाजूला ठेवा. ही गाडी इंचांची आहे, बहुतेक यूएनएफ (इंची मापाचे बारीक) आटे. ७/१६, १/२, ९/१६, ५/८ आणि ३/४ हे रिंग पाने आणि सॉकेट घ्या. १/२ म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या नटाचे कोपरे तोच खातो.

वायरिंग घाबरण्यासारखं नाही. लुकास ह्या विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीचे तारांचे रंग पक्के आहेत: तपकिरी कायम करंट, पांढरा चावी फिरवल्यावरचा, हिरवा त्यातूनच पण फ्यूजनंतरचा, जांभळा कायम करंट फ्यूजनंतरचा, लाल बारीक दिव्यांचा, काळा अर्थिंगचा. निम्म्याहून जास्त दोष गंजलेल्या गोळी-जोडांत (बुलेट कनेक्टर) आणि अर्थिंगमध्ये सापडतात. सीटमागे दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या आहेत. त्यांचे पिंजरे ॲसिडने सडलेले असतात, मजल्याचं काम करताना तेही बघा.

---

कॉव्हेंट्रीचा_नवखा

इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. मापं घेतली. डावं दार: मागे वर ४.५, खाली ५. उजवं, चालकाचं: मागे वर २.५, खाली ७. उजव्या सिलच्या खालच्या कडेला पत्र्याचे थर जास्त दिसतात.

दोन शंका. उजवीकडे मजलाही नाही आणि सिलही नाही, तर आधी काय? आणि एक परिचित म्हणतात की सगळी बॉडी वाळूच्या झोताने साफ करून घे, म्हणजे खरं-खोटं कळेल. करावं का?

---

पत्र्याचा_नाद

उजवी बाजू खचली आहे आणि त्यावर जास्तीची पाटी चढवलेली आहे, असंच दिसतं. पण आधी बिजागरी तपासा. दार अर्धं उघडा, मागच्या टोकाला धरून वर उचला. टोक बिजागरीपाशी खेळत असेल तर तुमच्या मापात दाराची लोंब मिसळली आहे. एमजीबीच्या बिजागऱ्या झिजतात. दाराखाली लाकडी पाचर देऊन ती लोंब काढा आणि पुन्हा मोजा. नंतरचा फरक तो बॉडीचा.

सुरुवात मात्र डाव्या बाजूने करा. ती सरळ आहे. तिथे चूक झाली तरी मापं तुम्हाला परत आणतील, आणि उजवीकडे जाईपर्यंत हात बसलेला असेल. शिवाय डावी मजबूत झाली की उजवी उघडताना गाडीला एक पक्की बाजू मिळते.

उजवीकडे जुनी जास्तीची पाटी आणि बाहेरची सिल कापली की खचलेला आकार सैल होतो. त्या वेळी टर्नबकल अर्धा-अर्धा फेरा फिरवा, दार लावा, मोजा. २.५ चा साडेचार व्हायला हवा आणि खालचा ७ पाचाकडे यायला हवा. जोर लागत असेल तर कुठला तरी जुना वेल्ड अजून धरून आहे, तो शोधून कापा. जॅकने वर ढकलून आकार आणायचा नाही, पत्रा दुसरीकडे वाकतो.

मजला आणि सिल: मजल्याचा सडलेला भाग आत्ता तसाच ठेवा. सीटखालून जाणारा आडवा क्रॉसमेंबर तर अजिबात कापू नका. तो आणि बोगदा ह्यांनीच ती बाजू धरून ठेवलेली आहे. आधी कॅसल रेल आणि आतली सिल उभी करा, मग मजल्याचा पत्रा कापून नवा त्यांना जोडा, मग मेंब्रेन, मग बाहेरची सिल. मजल्याचा नवा पत्रा बोगद्याच्या बाजूला थोडा मोठा ठेवून जागेवरच कापा.

वाळूचा झोत मोठ्या सपाट पत्र्यावर नको. बोनेट आणि दारं त्याने वाकतात, ती पुन्हा सरळ होत नाहीत. शिवाय वाळू बंद पेट्यांत शिरते आणि वर्षभर गळत राहते. क्रॉसमेंबर, सस्पेन्शनचे जाड भाग, बॅटरीचे पिंजरे असल्या सुट्या वस्तूंना चालेल. बाकी बॉडीसाठी खरवडणी, ग्राइंडरवर तारेचा ब्रश आणि फ्लॅप डिस्क. आणि गंज काळा करणारं रसायन ताकदीच्या पत्र्यावर दुरुस्ती म्हणून वापरू नका. वरवरच्या लाल गंजासाठी ते ठीक. खवले सुटलेला पत्रा कापायचाच असतो.

---

मिग_आणि_मी

लहान भागांसाठी विजेने गंज काढणं स्वस्त पडतं. प्लॅस्टिकचा टब, चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक टाकाऊ लोखंडी पट्टीला. पट्टी स्टेनलेसची चालणार नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून टब उघड्यावर आणि ठिणगी लांब. ॲल्युमिनियमचे भाग टाकू नका.

---

कागदपत्र_काका

गाडी रस्त्यावर नसताना डी.व्ही.एल.ए. ह्या वाहन-नोंदणी खात्याकडे सोर्न, म्हणजे गाडी रस्त्यावर नसल्याचं निवेदन, नोंदवलेलं असू द्या. ४० वर्षांवरची गाडी म्हणून ऐतिहासिक वर्गात रोड टॅक्सची सूट मिळते, पण ती आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो. अशा गाडीला मे २०१८ पासून, मोठे बदल केलेले नसतील तर, एम.ओ.टी. (दरवर्षीची सुरक्षा तपासणी) सक्तीची नाही. तरीही सिल बदललेली गाडी रस्त्यावर काढण्याआधी स्वतःहून एम.ओ.टी. करून घ्या. दुसऱ्याच्या डोळ्यांनी वेल्ड आणि ब्रेक बघितले जातात. कामाचे तारखेसह फोटो ठेवा. विकताना आणि विम्याच्या किमतीसाठी बंद पेटीतलं मेंब्रेन दाखवायचा दुसरा मार्ग नाही.

---

कॉव्हेंट्रीचा_नवखा

बिजागरीची लोंब निघाली. पाचर देऊन उजवं दार आता मागे वर ३, खाली ६.५. डावीकडून सुरू करतो. शेवटचं एक: वेल्डिंग झाल्यावर आतून परत गंजू नये म्हणून काय आणि केव्हा?

---

पत्र्याचा_नाद

वेल्ड घासून झाला की उघडा पत्रा रात्रभर तसाच सोडू नका. तुमच्या गॅरेजात हीटर नाही, इकडच्या हिवाळ्यात सकाळी त्यावर दव असतं आणि दुपारपर्यंत नारिंगी झाक. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. इपॉक्सी गारठ्यात वाळत नाही, १५ अंशांच्या खाली असेल तर तेवढ्यापुरता विजेचा हीटर आणा, गॅसचा नको. तो हवेत पाणी सोडतो. प्रायमरवर सगळ्या जोडांना सीलर, विशेषतः पुढच्या चाकामागच्या त्या आडव्या पत्र्याच्या कडेला. तिथे नवं रबरही बसवा. चिखलाची वाट तीच होती. मग खालच्या बाजूला स्टोन-चिप, म्हणजे खड्यांचा मार झेलणारा लेप.

पेट्यांच्या आत मेण, सगळ्यात शेवटी. रंग होऊन पक्का झाल्यावर. आधी मारलं तर पुढचा वेल्ड पेटेल, रंग धरणार नाही. लांब नळी आणि गोल फवाऱ्याचं टोक घ्या. डबा कोमट पाण्यात ठेवून मेण पातळ करा. सिलच्या पुढच्या टोकातून नळी मागच्या टोकापर्यंत सरकवा आणि फवारत हळूहळू बाहेर ओढा. मेंब्रेनमुळे सिलचे दोन कप्पे आहेत, दोन्हीत स्वतंत्रपणे मारायचं. एकाच कप्प्यात मारून काम झालं असं समजणं ही नेहमीची चूक. मग दारांचे तळ, पुढचे खांब, मागच्या कोपऱ्याची पोकळी. दुसऱ्या दिवशी सिलखालच्या सगळ्या निचऱ्याच्या भोकांतून तार घालून साचलेलं मेण मोकळं करा. भोक बुजलेलं राहिलं तर पाणी पुन्हा आतच थांबतं.